गरम हवा बाहेर, गरम पाणी आत: पुण्यात नवं हॉटेल चालवायला घेणाऱ्यांसाठी

एप्रिलमध्ये संध्याकाळी सातच्या सुमारास पुणे स्टेशनजवळच्या कुठल्याही मध्यम लॉजच्या मागच्या बोळात जाऊन उभं राहा. भिंतीवर टांगलेले एसीचे वीस-बावीस आउटडोअर तोंडावर गरम वाफारा सोडत असतात. त्याच भिंतीच्या पलीकडे प्रत्येक बाथरूममध्ये गिझरचा लाल दिवा लागलेला असतो. मालक एका दाराने उष्णता बाहेर फेकायचे पैसे मोजतोय आणि दुसऱ्या दाराने उष्णता विकत आणतोय. हॉटेलांची देखभाल बघत माझी बरीच वर्षं गेली, पण हा व्यवहार बघून अजून हसू येतं.

आमच्या भाचेजावयांनी वाकडला २४ खोल्यांचं हॉटेल भाडेकराराने चालवायला घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न, "मामा, एसी कुठल्या कंपनीचे घेऊ?" मी म्हटलं, कंपनीचं नंतर बघू, आधी मागच्या चालकाकडून बारा महिन्यांची बिलं आणा. त्यानंतर त्यांना जे सांगत गेलो, तेच इथे क्रमाने मांडतोय. हिशेब २४ खोल्यांचा धरलाय. तुमच्या १२ असतील तर निम्मे करा.

एक खुलासा आधीच करतो. पुण्यात 'हीटिंग' म्हणजे खोली गरम करणं नव्हे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो खरा, पण त्या मोजक्या रात्रींसाठी जादा रजई पुरते. फार तर दोन-चार खोल्यांत गरम-थंड दोन्ही करणारा एसी लावा, वयस्कर पाहुण्यांना बरा पडतो. आपल्याकडे हीटिंगचा खर्च म्हणजे आंघोळीचं पाणी, आणि तो बारा महिने चालतो.

पहिली पायरी: बिल वाचा

बारा बिलं टेबलावर ओळीने मांडा. पुण्याचे ऋतू इतके स्पष्ट आहेत की निम्मं ऑडिट तिथेच होतं. जानेवारीत एसी जवळजवळ बंद असतात आणि गिझर जोरात. एप्रिल-मे मध्ये उलट. जुलैत दोन्ही मध्यम. प्रत्येक महिन्याच्या युनिटांना त्या महिन्यात भरलेल्या खोल्यांनी भागा. 'एका भरलेल्या खोलीमागे किती युनिटं' हा आकडा मिळेल. पुढची सगळी सुधारणा याच आकड्यावर मोजायची. एकूण बिलावर मोजलीत तर धंदा मंदावला म्हणून कमी झालेलं बिलही तुम्ही बचतीत धराल.

मग युनिटांच्या खालच्या ओळी वाचा. मंजूर भार २० किलोवॅटच्या वर असला की महावितरण डिमांडचाही आकार लावतं, म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात जास्त ओढीच्या थोड्या वेळाचे पैसे महिनाभर भरायचे. आता गंमत बघा. २४ एसी एकदम चालू झाले आणि प्रत्येकाने दीड किलोवॅट ओढले, तर ३६ किलोवॅट होतात. २४ गिझर, प्रत्येकी २ किलोवॅट, सकाळी सातला एकदम लागले तर ४८. म्हणजे डिमांडचा शेंडा एसीने नव्हे, डिसेंबरच्या सकाळच्या आंघोळींनी गाठलेला असू शकतो. भाचेजावयांच्या बिलात नेमकं हेच निघालं. सगळ्यात जास्त डिमांड जानेवारीत होती. मागचा चालक ती एसीची म्हणून एसीवाल्याशी भांडत बसला होता.

पॉवर फॅक्टरचा, म्हणजे ओढलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी आली त्याचा, आकडाही बघा. तो पडलेला असेल तर कपॅसिटर पॅनल दुरुस्त करणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे, ते पहिल्या महिन्यात उरका. बिलात वेळेनुसार दर, म्हणजे टीओडी, लागू आहे का तेही शोधा. संध्याकाळचा दर चढा असतो. पाणी तापवायची वेळ ठरवताना हे कामाला येईल.

बिलांवरून अंदाज येतो, खात्री मीटरने होते. तपकीर गल्लीत जाऊन तीन छोटी एनर्जी मीटर आणा आणि इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या: एक एका मजल्याच्या एसींवर, एक गिझरच्या सर्किटवर, एक लाँड्री-किचनवर. रोज सकाळी एकाच वेळी आकडा वहीत. सात दिवसांत चित्र दिसतं, महिन्याभरात पक्कं होतं.

दोन कागदी कामं याच वेळी विचारून घ्या. २०२० च्या अखेरीस राज्य सरकारने आदरातिथ्य व्यवसायाला उद्योगाचा दर्जा दिला. अटींत बसणाऱ्या हॉटेलांना वीज औद्योगिक दराने मिळू शकते. तुम्ही त्यात बसता का, ते पर्यटन संचालनालयात विचारा. आणि महाऊर्जा, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, याचं मुख्यालय पुण्यातच आहे. ऊर्जा बचतीच्या सध्या कुठल्या योजना चालू आहेत ते तिथे जाऊन समक्ष विचारा. एजंटाच्या तोंडून ऐकलेल्या सबसिडीवर हिशेब बांधू नका.

दुसरी पायरी: ऊन दारातच अडवा

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत जाडजूड भिंती, मधे चौक, खिडकीला वाळ्याचे पडदे असायचे. भर दुपारी ओसरीवर गार वाटायचं. आपण मात्र पश्चिमेला भिंतभर काच लावतो आणि मग दोन टनांचा एसी शोधत फिरतो.

सुरुवात गच्चीपासून करा. वरच्या मजल्याच्या खोल्यांची तक्रार सगळीकडे तीच असते: रात्री दहालासुद्धा छत भट्टीसारखं. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आत उष्णता सोडत राहतो आणि एसी त्याच्याशी झुंजत बसतो. गच्चीवर पांढरा परावर्तक रंग द्या किंवा चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर, करून घ्या. चायना मोझॅक महाग पडतं पण टिकतं आणि वॉटरप्रूफिंगही सोबत होतं. रंग स्वस्त, पण दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, आणि पुण्याची धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, म्हणून उन्हाळ्याआधी गच्ची धुवून घ्यायची. इमारत भाड्याची असेल तर मी रंगच सांगेन. दुसऱ्याच्या गच्चीवर मोझॅक कशाला?

मग पश्चिमेच्या खिडक्या. आतला पडदा उजेड अडवतो, पण काचेतून आत आलेली उष्णता खोलीतच राहते. बाहेरून छज्जा, जाळी, बांबूची चिक, यांतलं जे जमेल ते लावा. बाहेरून काहीच करता येत नसेल तर काचेवर फिल्म. आणि रिसेप्शनला एक सवय लावा: एप्रिल-मे मध्ये खोल्या देताना आधी पूर्वेच्या आणि खालच्या मजल्यांवरच्या, मग पश्चिमेच्या वरच्या. याला एक पैसाही लागत नाही. गर्दी नसलेल्या दिवशी अख्खा वरचा मजला बंद ठेवता येतो.

पुण्याची खरी देणगी म्हणजे रात्र. एप्रिलमध्ये दुपारी ३८-३९ अंश असले तरी पहाटेपर्यंत हवा बऱ्यापैकी गार होते. पॅसेजमध्ये एसी लावायची गरज नाही. रात्री अकरा ते सकाळी सहा टोकाच्या खिडक्या उघड्या ठेवा, दुसऱ्या टोकाला एक्झॉस्ट लावा, खिडक्यांना जाळी मारा. सकाळी आठला सगळं बंद करायचं. भिंती रात्रभर निवतात, दुपारपर्यंत साथ देतात.

तिसरी पायरी: खोलीचा एसी

नवखा माणूस इथे दोन चुका करतो. पहिली, सगळ्या खोल्यांना सरसकट दीड टन. १२ बाय १४ ची, खालच्या मजल्यावरची, सावलीतली खोली असेल तर एक टन पुरतो. 'मोठा लावला की लवकर गार' हा विचार पावसाळ्यात अंगाशी येतो. मोठा एसी हवा झटकन गार करून थांबतो, त्याला दमटपणा ओढायला वेळच मिळत नाही. मग जुलैत खोली गार पण चादर ओलसर, आणि गाद्यांना कुबट वास. गेस्ट रिव्ह्यूत 'रूम स्मेल्स' लिहून जातो. हाउसकीपिंग फिनाइल वाढवतं. दोष एसीच्या मापाचा असतो.

दुसरी चूक स्टारच्या लेबलची. लेबलवर वर्षाला किती युनिटं लागतील ते लिहिलेलं असतं, पण तो आकडा वर्षाला १,६०० तास धरून काढलेला असतो. घरासाठी ठीक आहे. हॉटेलात खोली वर्षात ३०० दिवस भरली आणि एसी रोज १० तास चालला तर ३,००० तास होतात. म्हणजे चांगल्या एसीची बचत घरापेक्षा जवळपास दुप्पट वेगाने वसूल होते. उदाहरण घ्या. एका दीड टनाच्या मॉडेलच्या लेबलवर १,००० युनिटं, दुसऱ्याच्या लेबलवर ७५०. फरक २५०. तुमच्या तासांनी तो साडेचारशेच्या पुढे जातो. सगळे आकार धरून तुम्हाला युनिट १५ रुपयांना पडत असेल तर एका खोलीमागे वर्षाला पावणेसात हजारांच्या वर. दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक याच्याशी ताडून बघा. स्टार मोजू नका, लेबलवरचा आयएसईईआर, म्हणजे मोसमाच्या सरासरीने तेवढ्याच विजेत किती गारवा मिळतो तो आकडा, आणि लेबलचं वर्ष बघा, कारण स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. जुन्या निकषांचा पाच स्टार आणि नव्या निकषांचा पाच स्टार एक नसतात.

जुने, आर-२२ गॅसचे एसी स्वस्तात मिळतायत म्हणून उचलू नका. हा वायू ओझोनच्या थराला मारक म्हणून टप्प्याटप्प्याने बंद होतोय, पुढे गॅस भरताना रडायची वेळ येईल.

तापमानाचं बोलू. १ जानेवारी २०२० पासून भारतात विकला जाणारा स्टार लेबलचा रूम एसी चालू केला की आपोआप २४ अंशांवर येतो, असा नियम आहे. एक अंश वर ठेवला तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पण गेस्टला 'कृपया २४ वर ठेवा' अशी पाटी दाखवून काही होत नाही. त्याने पैसे मोजलेत, तो १८ वर ठेवणारच. त्यापेक्षा खोलीत चांगला बीएलडीसी पंखा लावा. साधा पंखा ७५ वॅट घेतो, हा तीसेक. पंखा फिरत असेल तर २६ अंशांनाही माणसाला गार वाटतं. हाउसकीपिंगने खोली तयार करताना एसी २५ वर आणि पंखा तीनवर ठेवून जायचं. बरेच गेस्ट रिमोटला हातच लावत नाहीत.

की-कार्डबद्दल थोडं. बाहेर जाताना कार्ड काढलं की वीज बंद, ही कल्पना उत्तम. फक्त आपल्याकडे माणूस त्या खाचेत व्हिजिटिंग कार्ड, नाहीतर जुनं मेट्रो कार्ड खुपसून जातो. आपल्याच कार्डाला ओळखणारा आरएफआयडीचा स्विच घ्या, थोडा महाग असला तरी. बाल्कनी असेल तर दाराला सेन्सर लावा. दार उघडं राहिलं की दोन मिनिटांत एसी थांबला पाहिजे.

आणि आउटडोअर कुठे बसवताय ते बघा. सुरुवातीला म्हटलेला तो बोळ किंवा इमारतीतला अरुंद डक्ट, तिथे एकावर एक सहा आउटडोअर लावले की खालच्याची गरम हवा वरचा ओढतो. बाहेर ३८ अंश असतील, पण वरच्या युनिटच्या तोंडाशी पन्नासच्या जवळ. मग कॉम्प्रेसर दमतो, वीज वाढते, आणि मिस्त्री येऊन 'गॅस कमी झालाय' सांगून पैसे नेतो. शक्य तितके आउटडोअर गच्चीवर, सावलीत, तोंडं मोकळ्या बाजूला करून लावा. पाइप फार लांब जात असेल तर मात्र कंपनीने दिलेली मर्यादा तपासा.

चौथी पायरी: जिथे गेस्ट झोपत नाही ती जागा

लाँड्री, किचन, लॉबी, स्टाफची खोली. इथे एसी लावायच्या आधी कूलरचा विचार करा. चेष्टा नाही करत. एप्रिलच्या दुपारी पुण्यात ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते. अशा कोरड्या हवेत पाण्यावरून फिरवलेली हवा चांगल्या पॅडमधून २४-२५ अंशांपर्यंत उतरते, आणि वीज लागते फक्त पंख्यापुरती आणि छोट्या पंपापुरती. किचनच्या चिमणीतून जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यावीच लागते, ती कूलरमधून येऊ द्या. आचाऱ्यांचे आशीर्वाद मिळतील.

दोन अटी. आलेली हवा बाहेर जायला वाट हवी. 'गारवा जातो' म्हणून खिडक्या बंद केल्या की तासाभरात खोलीचा हमाम होतो. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलर बंद, पाणी काढून, पॅड वाळवून झाकून ठेवायचे. पावसाळ्यात तो फक्त दमटपणा वाढवतो.

पाचवी पायरी: गरम पाणी, जिथे खरे पैसे आहेत

२४ पैकी १६ खोल्या भरल्या, खोलीत दोघं, माणशी ४० लिटर गरम पाणी. रोजचे साधारण १,३०० लिटर. थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांचं, ते ५५ पर्यंत न्यायला ५३ युनिटांएवढी उष्णता लागते. गिझरने केलं तर ५३ युनिटं वीज. शिवाय २५ लिटरचा गिझर दिवसभर चालू राहिला तर कोणी नळ न उघडताही पाऊण-एक युनिट गमावतो, आणि हॉटेलातला गिझर दिवसभर चालूच असतो.

आता हीट पंप. हा म्हणजे उलटा लावलेला एसी. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिटांएवढी उष्णता देतो, म्हणजे ५३ चं काम १६-१७ युनिटांत. रोज ३५ युनिटं वाचली तरी वर्षाला पावणेतेरा हजार युनिटं. आणि डिमांडचा तो ४८ किलोवॅटचा शेंडा? सात-आठ किलोवॅट उष्णता देणारा एक हीट पंप जेमतेम अडीच किलोवॅट वीज ओढतो आणि इन्सुलेशन केलेल्या दीड-दोन हजार लिटरच्या टाकीत सावकाश पाणी तापवत राहतो. सगळे एकदम आंघोळीला गेले तरी विजेला त्याचा पत्ता लागत नाही.

हीट पंप दुपारी चालवा. बाहेरची हवा जितकी गरम तितकं त्याचं काम सोपं, शिवाय संध्याकाळचा महाग दर टळतो. टाकी चांगली असेल तर दुपारचं पाणी सकाळपर्यंत पाच-सहा अंशांपेक्षा जास्त निवत नाही.

आणि तो कुठे ठेवायचा यात खरी मजा आहे. हीट पंपातून बाहेर पडणारी हवा थंड असते. तो लाँड्रीत ठेवलात तर इस्त्रीवाल्याला फुकट गारवा आणि पंपाला फुकट गरम हवा. किचनमध्ये मात्र नको, तेलकट धूर कॉइलवर बसतो. लाँड्री नसेल तर मागच्या बोळात, आउटडोअरच्या समोर. एसींनी फेकलेली उष्णता तिथून उचलून आंघोळीच्या पाण्यात. एप्रिलमध्ये आपल्या १६ खोल्यांचे एसी मिळून दिवसाला पाचशे युनिटांहून जास्त उष्णता त्या बोळात ओततात. आपल्याला हवा त्याचा दहावा हिस्सा.

सोलरचं काय? पुण्यात ऊन भरपूर आहे आणि सौर बंब आपल्याकडे जुने, भरवशाचे. १०० लिटरला साधारण दोन चौरस मीटर पॅनल लागतो. गच्ची मोठी असेल तर अवश्य लावा, पण जुलै-ऑगस्टसाठी आधार लागतो. तो हीटरच्या रॉडचा देऊ नका, हीट पंपाचा द्या. गच्ची लहान असेल तर माझं मत विजेच्या सोलरकडे झुकतं. एक किलोवॅटला दहाएक चौरस मीटर जागा लागते आणि रोज सरासरी चार युनिटं मिळतात. चौरस फुटामागे सौर बंब जास्त उष्णता देतो हे खरं. पण खोल्या रिकाम्या असल्या की बंबाचं गरम पाणी वाया जातं, आणि वीज एसीला, लिफ्टला, दिव्यांना कुठेही वापरता येते. मे महिन्यात तर पाणी कमी तापवायचं आणि एसी जास्त चालवायचे असतात.

सिलिंडरवर पाणी तापवणारे अजून आहेत. १,३०० लिटरला पाच किलो गॅस जातो, म्हणजे १९ किलोचा सिलिंडर चार दिवसही पुरत नाही. एमएनजीएलची पाइपलाइन तुमच्या रस्त्यावर असेल तर गॅसचा बॉयलर लग्नसराईच्या गर्दीसाठी जोड म्हणून ठेवायला हरकत नाही.

आता माझी एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हॉटेलात मी हौसेने गच्चीवर मध्यवर्ती टाकी बसवली, गिझर काढले, मालक खूश. आठ दिवसांत तळमजल्यावरून ओरड: पाणी गरम येतच नाही. यायचं, पण सहा-सात मिनिटं थंड पाणी वाहून गेल्यावर. पाइपात रात्रभर निवलेलं पाणी आधी बाहेर येत होतं. मी परतीची लाइन, म्हणजे पाइपातलं पाणी टाकीकडे फिरवत ठेवणारं रिसर्क्युलेशन, घातलीच नव्हती. भिंती पुन्हा फोडाव्या लागल्या. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: आधी परतीची लाइन आणि पाइपांचं इन्सुलेशन, मग टाकी, मग यंत्र. परतीच्या पंपाला टायमर आणि थर्मोस्टॅट लावा, नाहीतर तो रात्रभर गरम पाणी फिरवून भिंती तापवत बसेल.

पाण्याची जातही बघा. खडकवासल्याचं नळाचं पाणी सौम्य आहे. बोअरचं आणि टँकरचं बहुतेक वेळा जड. बाणेर, वाघोलीकडे उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही, आणि त्या पाण्याचा पांढरा थर हीटिंग कॉइलवर बसला की कार्यक्षमता गेली. सॉफ्टनर लावा. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड दरवर्षी तपासा.

तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवा. वीज वाचवायला ४० वर साठवायचा मोह होतो, पण कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात जातात. इथे काटकसर नको. भाजू नये म्हणून नळाआधी मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा. काटकसर शॉवरमध्ये करा: मिनिटाला १५ लिटर सोडणाऱ्याऐवजी ८-९ लिटरचा. आणि बाथरूममध्ये बादली-तांब्या ठेवाच. आपल्याकडे अर्धे पाहुणे शॉवर सोडून बादलीनेच आंघोळ करतात, १५-२० लिटरांत काम होतं.

हॉटेल मोठं असेल तर

साठ-सत्तर खोल्या, बँक्वेट, रेस्टॉरंट असेल तर चिलर (पाणी गार करून ते इमारतभर फिरवणारं मध्यवर्ती यंत्र) किंवा व्हीआरएफ (एका मोठ्या आउटडोअरवर अनेक खोल्यांचे एसी) यांची चर्चा सुरू होते. इथे सल्लागार घ्यावाच लागतो, पण त्याला काय विचारायचं ते तुम्हाला माहीत हवं.

पाण्याने थंड होणारा चांगला चिलर एका टनाला ०.६ ते ०.७ किलोवॅट घेतो, हवेने थंड होणारा त्याच्या दीडपट ते दुप्पट. कागदावर पहिलाच जिंकतो. पण त्याच्या कूलिंग टॉवरमधून टनामागे तासाला सहा-सात लिटर पाणी उडून जातं, क्षार काढायला सोडावं लागतं ते वेगळं. ५० टन, १२ तास, एकूण आठ लिटर धरले तर दिवसाला ४,८०० लिटर. दहा हजारी टँकरचा निम्मा, तोही मे महिन्यात. टँकरचे पैसे विजेच्या बचतीतून वजा करा, मग ठरवा. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प असेल तर ते पाणी शुद्ध करून टॉवरला वापरता येतं, तेव्हा गणित पुन्हा बदलतं.

चिलर घेताना डीसुपरहीटर जोडून घ्या. कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गरम वायूची उष्णता टॉवरकडे जाण्याआधी पाण्यात उतरवायची सोय ती. नंतर बसवायला गेलात तर महाग पडतं. पंपांना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, हवंच: पंपाचा वेग ८० टक्के केला की वीज जवळपास निम्मी होते. बँक्वेटचं यंत्र खोल्यांपासून वेगळं ठेवा. हॉल मुहूर्त असेल त्या दिवशीच लागतो, त्याच्यासाठी मोठा चिलर एरवी अर्धपोटी चालवण्यात अर्थ नाही. वाफेवर चालणारे अॅब्सॉर्प्शन चिलर आपल्या पुण्याचीच थरमॅक्स कंपनी बनवते, पण फुकटची वाया जाणारी उष्णता असेल तरच त्या वाटेला जा.

कोटेशन घेताना

हीट पंपाच्या पत्रकावर 'सीओपी ४.५' छापलेलं असतं, म्हणजे एका युनिट विजेत साडेचार युनिटांएवढी उष्णता. विचारा: बाहेर किती अंश असताना, आणि पाणी किती पासून किती पर्यंत? ४० पर्यंत तापवताना ४.५ देणारं यंत्र ६० पर्यंत नेताना तीनवर येऊ शकतं. तुमच्या अटी लिहून द्या, म्हणजे २० पासून ६० अंश, आणि त्याच अटींवर तिन्ही विक्रेत्यांकडून लेखी आकडा मागा. जो देत नाही त्याला चहा पाजून निरोप. बिघाड झाला तर माणूस किती तासांत येणार, हे करारात लिहून घ्या. पहिली दोन वर्षं एक-दोन जुने गिझर जागेवरच राहू द्या.

वर्षाचं वेळापत्रक

होळीच्या आधी सगळ्या आउटडोअरच्या कॉइल पाण्याने धुवून घ्या, मार्च उजाडला की मिस्त्री सापडत नाहीत. इनडोअरचे फिल्टर दर पंधरा दिवसांनी, आणि हे काम हाउसकीपिंगच्या चेकलिस्टमध्ये टाका. एएमसीवाल्याच्या, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार केलेल्याच्या, भरवशावर सोडू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात कूलर बंद, एसीच्या ड्रेनच्या नळ्या फुंकून साफ, नाहीतर पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री फॉल्स सीलिंगमधून पाणी ठिबकतं. गणपतीत हॉटेलं भरलेली असतात, तेव्हा कुठलंही काम काढू नका. ऑक्टोबर हीटमध्ये पंधरा दिवस एसी पुन्हा मे सारखे चालतात, त्याची युनिटं वेगळी लिहून ठेवा.

दिवाळी झाली की गरम पाण्याची तपासणी. टाकीचं तापमान, परतीच्या पंपाचा टायमर, पाइपांवरचं फाटलेलं इन्सुलेशन. मग एका पहाटे साडेपाचला स्वतः उठा, टाकीपासून सगळ्यात लांबच्या खोलीत जा, गरम पाण्याचा नळ उघडा आणि घड्याळ लावा. पंधरा-वीस सेकंदांत पाणी हाताला चांगलं गरम लागलं पाहिजे. मिनिट लागलं तर गेस्ट उठायच्या आत प्लंबरला फोन करा.